ध्रुवप्रदेशाची प्रवासवृत्ते आणि वेदार्थ : टिळकांच्या ‘आर्क्टिक होम’चे एक तौलनिक वाचन

१

बाळ गंगाधर टिळक यांचा ‘दि आर्क्टिक होम इन द वेदाज’ हा इंग्रजी ग्रंथ १९०३ साली पुण्यात प्रसिद्ध झाला, तेव्हा उत्तर ध्रुवावर कोणीही मनुष्य पोहोचलेला नव्हता. नॉर्वेचा फ्रित्योफ नान्सेन १८९५ च्या एप्रिलमध्ये ८६ अंश १४ कला उत्तर अक्षांशापर्यंत जाऊन परतला होता. १९०० साली इटालियन मोहिमेतील उंबेर्तो काग्नी त्याच्याही थोडा पुढे गेला होता. कुक आणि पिअरी यांचे ध्रुव गाठल्याचे परस्परविरोधी दावे १९०९ मध्ये पुढे आले आणि ते दोन्ही वादग्रस्त ठरले. ज्याविषयी शंका घेतली जात नाही असे ध्रुवदर्शन १९२६ च्या मे महिन्यात आमुंडसेन व त्याच्या सहकाऱ्यांना ‘नॉर्गे’ या हवाई जहाजातून घडले. म्हणजे वैदिक ऋषींच्या पूर्वजांनी ध्रुवाभोवतीच्या प्रदेशात वस्ती केली होती असे प्रतिपादन करणारा हा ग्रंथ लिहिला गेला, त्या काळी तो प्रदेश जगाच्या दृष्टीने अद्याप अर्धाअधिक कागदावरचाच होता.

या ग्रंथाचा विचार आजवर मुख्यतः दोन अंगांनी झाला आहे. टिळकचरित्रात तो राजकीय कार्यातून सवड काढून केलेल्या व्यासंगाचे उदाहरण म्हणून येतो, आणि आर्यांच्या मूलस्थानाच्या वादात एक कालबाह्य उपपत्ती म्हणून. दोन्ही ठिकाणी एक गोष्ट दुर्लक्षित राहते. हा ग्रंथ दोन अत्यंत भिन्न वाङ्मयप्रकारांना शेजारी ठेवून केलेले वाचन आहे. एका बाजूस ऋग्वेदातील सूक्ते, तैत्तिरीय संहिता, ब्राह्मणग्रंथ व अवेस्ता. दुसऱ्या बाजूस युरोपीय दर्यावर्दी व शोधप्रवासी यांनी ध्रुवप्रदेशाविषयी लिहिलेले गद्य आणि त्यावर बेतलेले ग्रंथ. पहिल्यातील दुर्बोध स्थळांचा अर्थ दुसऱ्याच्या प्रकाशात लावणे ही टिळकांची पद्धती होय. तौलनिक साहित्याभ्यासाच्या दृष्टीने मूलस्थानाच्या निर्णयापेक्षा ही पद्धतीच अधिक विचारणीय आहे. एका संहितेच्या साहाय्याने दुसरी वाचताना आपण नेमके काय मिळवतो आणि काय गमावतो, हा प्रश्न तिच्यात जितक्या स्पष्टपणे उभा राहतो तितका क्वचितच अन्यत्र राहतो.

२

ग्रंथाची जडणघडण थोडक्यात लक्षात घेणे आवश्यक आहे. १८९३ साली टिळकांनी ‘ओरायन’ हा ग्रंथ प्रसिद्ध करून मृगशीर्षातील वसंतसंपाताच्या उल्लेखांवरून वेदकाल इसवी सनापूर्वी सुमारे चार हजार वर्षांपर्यंत मागे नेला होता. त्याच वर्षी जर्मनीत हेर्मान याकोबी स्वतंत्रपणे जवळपास त्याच निष्कर्षाला आला. १८९६ साली शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ हा मराठी ग्रंथ प्रसिद्ध झाला. कृत्तिका नेमक्या पूर्वेस उगवतात या शतपथ ब्राह्मणातील विधानाचे दीक्षितांनी केलेले गणित तेव्हाच्या विद्वानांत गाजले. ज्योतिषाच्या साहाय्याने वेद वाचण्याची ही परंपरा पुण्यात अशी सिद्ध झालेली होती.

१८९७ च्या सप्टेंबरात टिळकांना राजद्रोहाच्या आरोपावरून शिक्षा झाली. तुरुंगात असताना माक्स म्युलर यांनी त्यांना आपल्या ऋग्वेदाच्या द्वितीय आवृत्तीची प्रत पाठविली. त्यांच्या मुक्ततेसाठी इंग्लंडात जो अर्ज झाला त्यातही म्युलर यांचा पुढाकार होता. सप्टेंबर १८९८ मध्ये सुटका झाल्यावर त्याच वर्षाच्या अखेरीस ‘आर्क्टिक होम’चा पहिला खर्डा तयार झाला. तो लगेच छापला गेला नाही. पुढील काळात मद्रास, कलकत्ता, लाहोर, बनारस इत्यादी ठिकाणच्या विद्वानांशी टिळकांनी या विषयाची चर्चा केली. भूगर्भशास्त्र, पुरातत्त्व आणि तौलनिक दैवतशास्त्र यांत आपला प्रत्यक्ष अधिकार नाही या जाणिवेनेही ते थांबले होते, असे त्यांनी प्रस्तावनेत नमूद केले आहे. काही वेदमंत्रांचा अर्थ टिळक म्हणतात तसा लागू शकेल, परंतु ही उपपत्ती भूगर्भशास्त्राने सिद्ध केलेल्या गोष्टींच्या आड येईल, अशी शंका म्युलर यांनी पत्राने कळविली होती. तिचे समग्र उत्तर त्यांच्यासमोर ठेवण्यापूर्वीच, ऑक्टोबर १९०० मध्ये, म्युलर निवर्तले.

ग्रंथाची भाषा इंग्रजी आहे, याचे कारण यातच आहे. ‘केसरी’तून दर आठवड्यास मराठी वाचकाशी बोलणाऱ्या लेखकाने येथे युरोपातील प्राच्यविद्येच्या न्यायासनापुढे आपला दावा मांडला आहे. पुढे मंडालेच्या तुरुंगात लिहिलेले आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेले ‘गीतारहस्य’ मात्र मराठीत आले. वाचक बदलला तशी भाषा बदलली, आणि भाषेबरोबर पुराव्याची कल्पनाही बदलली. ‘गीतारहस्या’त टिळक शास्त्रार्थ करतात; ‘आर्क्टिक होम’मध्ये ते वकिलाप्रमाणे साक्षीदार उभे करतात.

३

हे साक्षीदार कोण, हे पाहण्यासाठी ध्रुवप्रदेशविषयक गद्याची परंपरा थोडी मागे जाऊन पाहावी लागते. ध्रुवीय रात्रीचे युरोपीय वाङ्मयातील पहिले सविस्तर दैनंदिन वर्णन डच दर्यावर्दी विलेम बारेन्ट्स याच्या तिसऱ्या मोहिमेतील सहकारी खेरित द फेर याचे आहे. १५९६ च्या हिवाळ्यात बर्फात अडकलेल्या या खलाशांनी नोवाया झेमल्या बेटावर, सुमारे ७६ अंश अक्षांशावर, गलबताच्या व वाहून आलेल्या लाकडांचे घर बांधून मुक्काम केला. परतीच्या वाटेवर बारेन्ट्स मरण पावला. द फेरचा वृत्तांत १५९८ मध्ये ॲमस्टरडॅम येथे छापला गेला, १६०९ मध्ये इंग्रजीत आला, आणि एकोणिसाव्या शतकात हॅक्लूट सोसायटीने तो दोन वेळा, १८५३ व १८७६ साली, पुन्हा प्रसिद्ध केला. त्याच्या आरंभीच्या प्रती आज जगातील अतिदुर्मिळ ग्रंथांत मोडतात.

या वृत्तांतातील एक घटना प्रस्तुत विवेचनाशी निगडित आहे. नोव्हेंबर १५९६ च्या आरंभी नाहीसा झालेला सूर्य २४ जानेवारी १५९७ रोजी क्षितिजावर दिसला, असे द फेर लिहितो. गणिताप्रमाणे तो आणखी सुमारे पंधरा दिवस दिसावयास नको होता. त्यामुळे या खलाशांनी दिवस मोजण्यात चूक केली, असे अनेक विद्वानांनी ठरवून टाकले. अतिशीत हवेच्या थरांतून होणाऱ्या प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे क्षितिजाखालचा सूर्य असा वर उचलल्यासारखा दिसू शकतो, हे पुढे मान्य झाले, आणि या दृश्याला त्या बेटाचेच नाव मिळाले. डोळ्यांनी पाहिलेले आणि गणिताने ठरविलेले यांत जेव्हा विरोध आला तेव्हा प्रदीर्घ काळ गणितावर विश्वास ठेवला गेला, आणि येथे डोळे बरोबर होते.

टिळकांपर्यंत आलेले ध्रुवाचे वर्णन मात्र नेमके दुसऱ्या प्रकारचे, म्हणजे गणिताचे आहे. त्यांचा महत्त्वाचा आधार बोस्टन विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम फेअरफील्ड वॉरन यांचा ‘पॅरडाइज फाउंड’ हा १८८५ चा ग्रंथ. मेथॉडिस्ट पंथाचे धर्मशास्त्रज्ञ असलेल्या वॉरन यांनी बायबलातील नंदनवन उत्तर ध्रुवावर होते असे प्रतिपादन केले होते. वॉरन यांनी ध्रुवावरील वर्षाचा हिशेब घेतला तो ब्रिटिश आरमारातील बेडफर्ड पिम यांच्याकडून. पिम हे प्रत्यक्ष आर्क्टिकमध्ये वावरलेले अधिकारी होते. १८५३ च्या वसंतात बर्फावरून चालत जाऊन बँक्स बेटाजवळ अडकलेल्या ‘इन्व्हेस्टिगेटर’ जहाजावरील लोकांची त्यांनी सुटका घडवून आणली, ती त्यांची ख्याती. पण ते स्थळ सुमारे ७४ अंशांवर आहे. त्यांनी दिलेला ध्रुवावरील हिशेब असा : १९४ दिवस सूर्य क्षितिजावर, त्यानंतर ४८ दिवसांचा सायंकालीन संधिप्रकाश, ७६ दिवस पूर्ण काळोख, आणि ४७ दिवसांची उषा. एकूण ३६५. वर्षाची इतकी काटेकोर विभागणी ध्रुवावर कोणी उभे राहून केलेली नव्हती. सूर्य क्षितिजाखाली किती अंशांवर असेपर्यंत उजेड जाणवतो याविषयीच्या एका अनुमानावर ती आधारलेली होती. ते अनुमान बदलले की आकडे बदलतात, हे टिळकांनाही ठाऊक होते आणि त्यांनी ते सांगितलेही आहे.

अशा रीतीने ७४ अंशांवर हिवाळा काढलेल्या अधिकाऱ्याचे गणित एका ईश्वरशास्त्रज्ञाच्या ग्रंथात प्रवासवर्णनाच्या प्रतिष्ठेने दाखल झाले, आणि तेथून पुण्यातील एका वेदज्ञाच्या हाती प्रत्यक्षदर्शी पुराव्याच्या जवळपासचे स्थान मिळवून बसले. अभिग्रहणाच्या इतिहासात संहिता प्रवास करताना आपला प्रकार कसा बदलते, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

४

ग्रंथाच्या तिसऱ्या प्रकरणात टिळकांनी या सामग्रीतून लक्षणांच्या दोन याद्या केल्या आहेत. पहिली खुद्द ध्रुवाची : तारे उगवत वा मावळत नाहीत, क्षितिजाशी समांतर फिरतात, वर्ष म्हणजे सहा महिन्यांचा एक दिवस आणि तेवढीच एक रात्र, आणि उषा कुंभाराच्या चाकाप्रमाणे क्षितिजाभोवती फिरत राहते. दुसरी ध्रुवानजीकच्या प्रदेशाची : एक दीर्घ रात्र, एक दीर्घ दिवस, त्यांच्या दरम्यान नेहमीच्या अहोरात्रांची मालिका, आणि दीर्घ रात्रीच्या शेवटी अनेक दिवस चालणारी उषा. या याद्या म्हणजे ग्रंथाचा कणा. पुढील प्रकरणांत प्रत्येक वैदिक स्थळ या याद्यांशी ताडून पाहिले जाते.

उषेसंबंधीचे पाचवे प्रकरण हा या पद्धतीचा सर्वांत समर्थ आविष्कार होय. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातील ७६ व्या सूक्तात, सूर्योदयापूर्वी अनेक दिवस होते अशा आशयाचे विधान आहे. सायणाचार्यांना येथे ‘दिवस’ हा अर्थ असंभाव्य वाटला आणि त्यांनी त्या शब्दाचा अर्थ ‘तेज’ असा केला. तैत्तिरीय संहितेच्या चौथ्या कांडात तीस भगिनींच्या रूपात उषा येतात. अनेक सूक्तांत उषेला बहुवचन आहे. ऐतरेय ब्राह्मणात सूर्योदयापूर्वी म्हणावयाच्या आश्विनशस्त्रात सहस्र ऋचांचा विधी आहे. उष्ण कटिबंधातील आखूड पहाटेत तो बसवणे कठीण. टिळकांचे म्हणणे असे की ही सर्व स्थळे एकाच अडचणीची रूपे आहेत, आणि भाष्यकारांनी ती प्रत्येक वेळी निराळी युक्ती काढून टाळली. एकत्र केल्यावर मात्र दीर्घ, फिरती, दिवसेंदिवस चालणारी उषा हे एकच उत्तर सर्वांना पुरते.

येथे टिळकांचे श्रेय मान्य करणे भाग आहे. संहितेतील विचित्रता त्यांनी गुळगुळीत केली नाही. सायणांचे ‘तेज’ असो वा युरोपीय पंडितांचे ‘काव्यात्म बहुवचन’ असो, दोन्ही मार्ग वाचकाला अडचणीपासून दूर नेतात. टिळक त्याला अडचणीपाशी थांबवतात. वैदिक उषासूक्तांचा आजचा अभ्यासकही त्यांनी एकत्र आणलेल्या स्थळांची यादी टाळून पुढे जाऊ शकत नाही.

परंतु अडचण खरी असली तरी तिचे उत्तर यादीतून घेतलेले आहे, आणि यादीची लवचिकता हाच तिचा दोष ठरतो. पिम यांच्या गणितात उषा ४७ दिवसांची. तैत्तिरीय संहितेत संख्या तीस. टिळक म्हणतात, अक्षांशाप्रमाणे उषेची लांबी कमीजास्त होते. ऋग्वेदात दहा महिन्यांत सत्र पुरे करणारे दशग्व आहेत आणि नऊ महिन्यांत पुरे करणारे नवग्वही आहेत. तेथेही निरनिराळ्या अक्षांशांवरील वस्तीचे उत्तर तयार आहे. दुसऱ्या मंडलात इंद्राला शंबर चाळिसाव्या शरदात सापडतो असे सांगितले आहे. सामान्य अर्थ चाळिसावे वर्ष, टिळकांचा अर्थ शरद ऋतूचा चाळिसावा दिवस, म्हणजे दीर्घ रात्रीचा आरंभ. कोणतीही संख्या एखाद्या अक्षांशावर बसवता येत असेल, तर संख्या जुळणे हा पुरावा राहत नाही. शिवाय तीस भगिनींचे मंत्र अग्निचयनात ‘व्युष्टी’ नावाच्या विटा रचताना म्हटले जातात, हा विधीचा संदर्भ त्या अर्थनिर्णयात मागे पडतो. विधीमध्ये संख्या ही स्वतःच एक रचनातत्त्व असते. महिन्याचे दिवस, छंदाची अक्षरे आणि विटांची मांडणी यांचे परस्परांशी नाते जोडणे हा ब्राह्मणग्रंथांचा स्वभावच आहे.

५

याच ठिकाणी विवेचन पुण्याहून म्हैसूर आणि बंगळूरकडे वळते. रुद्रपट्टण शामशास्त्री (१८६८–१९४४) यांचे नाव सर्वत्र कौटिलीय अर्थशास्त्राशी जोडले जाते. म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयात आलेल्या हस्तलिखितावरून त्यांनी १९०९ साली अर्थशास्त्राची संहिता प्रसिद्ध केली. १९१२ ते १९१८ या काळात ते बंगळूरच्या चामराजेंद्र संस्कृत महाविद्यालयाचे प्राचार्य होते, आणि त्यांचे इंग्रजी भाषांतर १९१५ साली बंगळूरच्याच सरकारी छापखान्यात ग्रंथरूपाने छापले गेले. या कीर्तीच्या छायेत त्यांचे वैदिक कालगणनेवरील लेखन झाकले गेले. १९०८ साली, म्हणजे ‘आर्क्टिक होम’नंतर पाच वर्षांनी, त्यांनी ‘गवाम् अयन’ या नावाचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. टिळकांच्या आठव्या प्रकरणाचा विषयही तोच आहे.

गवामयन हे वार्षिक सोमसत्र. तैत्तिरीय संहितेच्या सातव्या कांडात त्याची कथा येते. गायींनी शिंगे यावीत म्हणून सत्र मांडले. दहा महिन्यांत त्यांना शिंगे आली आणि काही उठल्या. काहींनी बारा महिने पुरे केले आणि त्यांची शिंगे गेली. ऐतरेय ब्राह्मणातही ही कथा आहे. संहिता स्वतःच दोन कालावधी सांगते, आणि दहा महिन्यांनंतर उठण्याला कारण देत नाही. टिळकांनी यात अतिप्राचीन यज्ञवर्षाची आठवण पाहिली : दहा महिने सूर्यप्रकाश, दोन महिने अखंड काळोख, म्हणून यज्ञाचे वर्ष दहा महिन्यांचे. रोमन परंपरेतील दहा महिन्यांचे आद्य वर्ष, ज्यात न्यूमाने पुढे दोन महिने घातले असे मानले जाते, त्यांनी या कथेशेजारी ठेवले. तौलनिक पद्धतीचा हा मोठा मोहक नमुना आहे.

शामशास्त्री हीच सामग्री घेऊन बसले आणि त्यांनी तिच्यात निराळीच गोष्ट पाहिली. सौरवर्ष आणि यज्ञवर्ष यांचा मेळ घालण्यासाठी मोजल्या जाणाऱ्या अधिक दिवसांची ती सांकेतिक भाषा आहे, आणि गवामयन हे त्या दिवसांच्या गणनेवर उभारलेल्या, पुढे विस्मृत झालेल्या यज्ञीय कालगणनेचे नाव आहे, अशी त्यांची मांडणी होती. म्हणजे एकाच कथेतील ‘गाय’ पुण्याच्या वाचकाला ध्रुवाकडील प्रकाशाचा महिना वाटली, आणि म्हैसूरच्या वाचकाला पंचांगातील जादा दिवस. शामशास्त्रींचा निष्कर्षही सर्वमान्य झाला नाही. पुढे ‘द्रप्स’ (१९३८) सारख्या ग्रंथात ग्रहणचक्राच्या साहाय्याने वेद वाचताना त्यांनी आपली किल्ली टिळकांइतकीच ताणली, असे म्हणावे लागते.

तरीही या दोन वाचनांची जोडी फार उपयुक्त आहे. दोघेही वेदांना प्रामाणिक निरीक्षणाचा दस्तऐवज मानतात; दोघेही भाष्यपरंपरेला विसराळू समजतात; दोघेही इंग्रजीत लिहितात. फरक इतकाच की टिळकांचे मानदंड युरोपातील प्रवासवृत्तांतून आले, तर शामशास्त्रींचे वेदांग ज्योतिष आणि यज्ञपद्धती यांतून. ध्रुवाची गरज संहितेला नव्हती, वाचकाला होती, हे बंगळूर-म्हैसूरकडील या उत्तरामुळे उघड होते. पुण्यातच नारायण भवानराव पावगी यांनी १९१५ साली इंग्रजी ग्रंथ लिहून सप्तसिंधू हेच आर्यांचे मूलस्थान आणि आर्क्टिक ही त्यांची वसाहत, असा नेमका उलटा क्रम लावला. तीच स्थळे, तीच सूक्ते, आणि प्रवासाची दिशा मात्र विरुद्ध.

६

आजच्या ज्ञानाच्या कसोटीवर टिळकांची उपपत्ती टिकत नाही. पण ती कोठे मोडते हे नेमके सांगितले पाहिजे. हिमयुगाचा शेवट सुमारे ऐंशी हजार वर्षांपूर्वी झाला हे क्रोल यांचे मत नाकारून, तो सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी झाला हे अमेरिकन भूगर्भशास्त्रज्ञांचे मत त्यांनी स्वीकारले. सध्याच्या उष्ण कालखंडाचा आरंभ आज सुमारे ११,७०० वर्षांपूर्वी मानतात; त्या वादात टिळकांनी बरोबर बाजू निवडली होती. मात्र त्याच्या लगोलग आधी आर्क्टिकमध्ये सुखद हवामान होते हे त्यांचे गृहीतक चुकले; शेवटचा तसा उष्ण काळ सव्वा लाख वर्षांपूर्वीचा आहे. सायबेरियात याना नदीकाठी, सुमारे ७१ अंशांवर, बत्तीस हजार वर्षांपूर्वी माणसे राहत होती हे एकविसाव्या शतकाच्या आरंभीच्या उत्खननांतून कळले. पण भारोपीय भाषांच्या समान शब्दसंपत्तीत चाक व गाडी यांसंबंधीचे शब्द आहेत, आणि त्यामुळे त्या मूलभाषेचा काळ इसवी सनापूर्वीच्या चौथ्या-पाचव्या सहस्रकापलीकडे फारसा नेता येत नाही. माणसे होती, हिम होते. त्यांना वेदांशी जोडणारा दुवा नाही.

दरम्यान टिळकांनी ज्याची कल्पनाच केली ती रात्र भारतीयांच्या प्रत्यक्ष अनुभवाचा विषय झाली. स्वालबार्डमधील न्यू-ओलेसुंड येथे, सुमारे ७९ अंशांवर, २००८ साली ‘हिमाद्री’ हे भारतीय संशोधनकेंद्र सुरू झाले. डिसेंबर २०२३ मध्ये भारताची पहिली हिवाळी आर्क्टिक मोहीम निघाली. तिच्या पहिल्या तुकडीत बंगळूरची रामन संशोधन संस्था आणि पुण्याची उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था या दोहोंचा सहभाग होता. बंगळूरच्या संशोधकांचे काम खगोलशास्त्रीय मापनांसाठी त्या प्रदेशातील रेडिओ लहरींचे वातावरण तपासण्याचे होते. अशा निरीक्षणांना वेदार्थाची गरज नाही, आणि वेदार्थालाही त्यांची गरज आहे असे नाही. त्या दोहोंना एकमेकांचे साक्षीदार करण्याची घाई हाच ‘आर्क्टिक होम’पासून घ्यावयाचा धडा आहे.

तौलनिक अभ्यासकापुढे उरणारा प्रश्न असा. उषेला बहुवचन देणाऱ्या, पहाट आणि सूर्योदय यांत अनेक दिवस पाहणाऱ्या कवीने हे कोठेतरी पाहिलेच असले पाहिजे, हा टिळकांचा आग्रह कवीविषयीच्या आदरातून आलेला आहे. कवी खोटे बोलत नाही, म्हणून तो निरीक्षक; निरीक्षक, म्हणून त्याची जागा नकाशावर दाखवता आली पाहिजे. या अनुमानातील मधली पायरी निसटती आहे. रात्र संपेल की नाही या भयाने जागणाऱ्या माणसाला विंध्याच्या दक्षिणेसही पहाट अनेक दिवसांची वाटू शकते, आणि ते वाटणे अक्षांशात मोजता येत नाही. याउलट सायणांप्रमाणे ‘दिवसां’चे ‘तेज’ करून टाकले, तर ते भयही नाहीसे होते. टिळकांनी अडचणीचे जे शब्द दाखवून दिले ते जपावेत, त्यांच्या उत्तराचा नकाशा बाजूला ठेवावा, आणि व्युष्टीच्या विटा, आश्विनशस्त्राच्या सहस्र ऋचा आणि गायींची शिंगे यांचा विचार यज्ञाच्या व काव्याच्या अंतर्गत तर्काने पुन्हा करावा, हे काम अद्याप व्हावयाचे आहे. त्यासाठी ‘आर्क्टिक होम’ आणि ‘गवाम् अयन’ ही दोन विस्मृत होत चाललेली पुस्तके एकाच मेजावर शेजारी ठेवून वाचणे, हा योग्य आरंभ ठरेल.